गोलामागचा गाडा

चहा नको म्हणणारा माणूस शालनबाईंना आजवर दोन प्रकारचाच ठाऊक होता. एक सोयरीक मोडायला आलेला, आणि दुसरा, घरात ताप आहे हे कानावर आलेला. तारेच्या कंपनीचा टायमकीपर सोपानराव अंगणातच उभा राहिला, छत्री मिटेना, नाकावर रुमाल धरून म्हणाला, "चहा राहू द्या." तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं, हा दोन्ही कामं एका खेपेत उरकायला आलाय.

"आत या की," मारुतराव सोप्यातून म्हणाले. "पोरीचा ताप उतरलाय आता. भ्यायचं काम न्हाई."

"भीत नाही हो. बूट चिखलाचे आहेत."

बूट चिखलाचे होते हे खरं. पण आषाढात पिंपरीत कुणाचे नव्हते?

"साहेबांचा निरोप आहे," सोपानराव म्हणाला. "बंदी उठली. येत्या रविवारी मॅच."

ज्योतीराम भिंतीला टेकून बसला होता तो ताडकन उठला. त्याची आई छबूबाई माजघराच्या दारात होती, तिनं देव्हाऱ्याकडे तोंड करून हात जोडले. हात जोडायची सवयच झाली होती. ज्येष्ठात बोटीवरून कुठलासा ताप मद्रासेला उतरला, तिथून आगगाडीनं मुंबईला, मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून पायी चालत पिंपरीला आला. आणि सरकारनं जत्रा, बाजार, सिनेमा यांच्याबरोबर फुटबॉलही बंद केला. बाकीच्या गावाला त्याचं काही वाटलं नाही. फुटबॉल बंद झाला म्हणून कुणाची चूल विझते का? या एका घराची विझत आली होती.

कारण ज्योतीराम कंपनीत होता तो खेळावर. त्याला मशिन ठाऊक नव्हतं, तार कशी ओढतात हे ठाऊक नव्हतं. तो गोलात उभा राहायचा. पावसाळ्यात दर रविवारी मैदानाभोवती कनाती बांधायच्या, दोन आणे तिकीट लावायचं, त्या तिकिटावर अकरा खेळाडूंचा पगार आणि खुराक. मॅच नाही तर तिकीट नाही, तिकीट नाही तर पगार नाही. मॅनेजरसाहेबांनी हे इतकं सरळ सांगितलं होतं की भांडायला त्यात कुठं सांधाच नव्हता. गोव्याची दोन पोरं आणि बंगलोरचा हाफबॅक वळकट्या उचलून आपापल्या गावी गेले. ज्योतीरामला जायला दुसरं गाव नव्हतं. शिवेकडचं रान कंपनीला गेलेलं, त्याचे पैसे पाणी न लागलेल्या विहिरीत गेलेले. उरलेल्या पट्टीत मारुतरावांचा हिंदुराव राबायचा आणि त्यात फक्त खायला पिकायचं. घरात रोख रुपया यायचा तो या पुतण्याच्या हातावरून.

"रविवारी मॅच झाली तर टीम राहील," सोपानराव म्हणाला. "उरलेल्यांना साहेब पक्कं करतील. नाही झाली, तर त्या जागेवर गोडाऊन. पत्रे आलेत सुद्धा."

"न्हाई कशी व्हईल? बंदी उठली म्हनताय न्हवं?"

"बंदी सरकारची उठली, मारुतराव. तुमची कुठं उठलीय?" सोपानरावनं रुमाल बाजूला केला. "तुमचा गाडा उभा आहे ना गोलाच्या मागं. कनाती बांधायला एक माणूस पुढं येईना. कामावरचे लोक म्हणतात, मरीआई उभी असताना आम्ही तिकीट काढून तिच्यासमोर बसू होय? साहेबांनी सांगितलं, ट्रकमधे घाला आणि नदीत सोडा. ड्रायव्हर साताऱ्याकडचा. त्यानं ट्रकची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेला."

"मग तुमी उचला की," शालनबाई म्हणाल्या.

"माझ्या घरी लहान मुलं आहेत, बाई."

"आमच्या घरी काय मांजरं हायती?"

सोपानरावनं छत्री सावरली. "तुमच्या घराचा मान आहे, तुमच्या घरानं आणून सोडला. तुम्हीच हलवा. शनिवारी संध्याकाळी साहेब मैदान बघायला जाणार." एवढं बोलून तो गेला, चिखलातून जमेल तितक्या भरभर.

*

गाडा म्हणजे केवढा? गुडघ्याएवढी चाकं, वर लाकडी चौथरा, त्यावर शेंदूर फासलेली मरीआई, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, लिंबाचा पाला आणि दहीभाताचा द्रोण. साथ आली की हलगीच्या तालावर तो गावातून ढकलत शिवेवर न्यायचा आणि तिथं सोडून यायचं. पहिला हात मारुतरावांच्या घराचा. मग पलीकडच्या गावानं आपल्या हद्दीतून तो पुढच्या शिवेवर न्यायचा; त्यांच्या पुढच्यांनी त्यांच्या पुढं. कुठं जाऊन थांबायचा कुणी विचारलं नाही. सोडला की मागं बघायचं नाही, ढकलणाऱ्याला घरच्या कुणी नावानं हाक मारायची नाही. आणि गाडा मागं आणायचा नाही. जो आणील तो साथ घरात आणील.

गेल्या मंगळवारी पावसात हलगी वाजली, गाव निघालं, आणि मारुतरावांनी बापानं सोडला होता त्याच जागी गाडा सोडला. तिथं पूर्वी बाभळ होती. कंपनीनं ती तोडून तिथं गोलाचा खांब रोवला होता. खांब मारुतरावांना दिसला नव्हता असं नाही. पण खांब काल आला, शीव आजोबाच्या आधीची.

"तवा तुमाला कळलं न्हाई का, तात्या?" ज्योतीराम म्हणाला. त्याला आवाज चढवायचा होता, पण घसा सकाळपासून धरलेला होता. "मी तिथं उभा ऱ्हातो. माझ्या पाठीशी नेऊन घातला तुमी."

"शीव हाय ती."

"ग्राउंड हाय ते!"

"दोनी हाय," हिंदुराव म्हणाला. हिंदुरावाचं घरात हेच काम होतं. दोन्हीकडं मान हलवायची आणि कुणीच खूश होणार नाही असं काहीतरी खरं बोलायचं.

"पलीकडचं गाव का नेत न्हाई पुढं?" छबूबाईनं विचारलं. दिरासमोर बोलताना ती पदर कपाळावर ओढून भिंतीशी बोलायची. आता भिंतीलाच विचारलं.

"जाऊन आलो मी," मारुतराव म्हणाले. "त्यांचा पाटील म्हनतो, कंपनीच्या भिंतीपतुर आमची हद व्हती, ती आमी इकली. आता आमची शीव भिंतीच्या पल्याड. मधलं कंपनीचं. कंपनीला सांगा."

"म्हंजी आई मधीच अडकली," शालनबाई म्हणाल्या. "ना सासरची, ना म्हायेरची." त्या स्वतः तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, त्यामुळं या विषयात त्यांना गती होती.



ज्योतीराम तांब्या उचलून पाणी प्याला. पाणी घशातून काटे घेऊन उतरलं. कंबर भरून आली होती, डोळ्यांच्या मागं कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. पावसात सराव केला म्हणून असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मग आठवलं की सराव बंद होऊन कितीतरी दिवस झाले. समोर कुसुमवहिनीच्या मांडीवर बबी होती, हिंदुरावाची चार वर्षांची पोर, तापातून उठून नुसते डोळे उरलेली. ती त्याच्याकडं बघून हात पुढं करत होती. ही तिची कायमची मागणी होती: काका पाठीमागं हात घेणार, बोटं नाचवणार, आणि तिनं मागून येऊन ती धरायची. तो आज सकाळपासून तिच्यापासून दोन हात लांब बसत होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी आनतो गाडा मागं," तो म्हणाला. "माझी भाकर हाय, मीच आनतो."

"खबरदार!"

कुसुम ओरडली. सासऱ्यासमोर आजवर मोठ्यानं न बोललेली कुसुम.

*

कुसुमला नंतर स्वतःच्या आवाजाची लाज वाटली, पण त्या क्षणी नाही. मंगळवारी गाडा शिवेवर गेला आणि त्याच संध्याकाळी बबीला घाम फुटून ताप उतरला. तिच्या आधी सहा घरं पलीकडचा कोष्ट्याचा मुलगा गेला होता, त्याच वयाचा. कुसुमनं त्याच्या आईचा आवाज ऐकला होता. तो आवाज रोज पहाटे भाकरी थापताना तिच्या कानात सुरू व्हायचा.

"आनाल गाडा, आन् काय व्हईल ते बघायला मी माझी पोर देऊ?" ती म्हणाली. "तुमचा खेळ ऱ्हावा म्हनून?"

"खेळ न्हाई तो, अक्का," सुमन म्हणाली. सुमन ज्योतीरामची बायको, लग्नाला दोन पावसाळे झालेली, थोरल्या जावेसमोर सहसा बोलायची नाही. "त्यावर घर चालतंय. बबीचं इंजेक्शन कशावर आलं? खडकीचा डाक्टर का हलगी वाजवून आला व्हता?"

इंजेक्शन ज्योतीरामनंच आणलं होतं, सोपानरावाच्या पाया पडून पुढच्या पगारावर उचल घेऊन. ते कुसुमला माहीत होतं. रात्री ती दोघांचेही पाय धरायची, मरीआईचे मनातल्या मनात आणि दिराचे त्याच्या चपलांना हात लावून. पण भीतीला दोन पाय पुरत नाहीत. ज्याच्यानं वाचली असेल त्याच्यानं, पण आता काहीच जागचं हलू नये, एवढंच तिला हवं होतं.

"इंजेक्शन लागू पडायला बी कुणाची तरी मेहर लागती," ती हळू म्हणाली.

"बरं, दोघींचं बी खरं," हिंदुराव म्हणाला.

"तुमी गप बसा!" दोघी जावा एकदम म्हणाल्या. महिन्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

मारुतरावांच्या डोक्यात मानमोडी होती. ते मिसरूड फुटायच्या वयाचे असताना आलेली साथ. माणसं सकाळी रानात जायची आणि दुपारी त्यांना उचलून आणायला माणूस नसायचा. तेव्हा बापानं गाडा शिवेवर नेला. गाडा वेशीतून बाहेर पडताना आई मागून ओरडली, "अवं, पागोटं इसरलासा!" बापानं मागं वळून बघितलं. आठवडा उलटायच्या आत दोघंही गेली, आधी आई. पागोटं खुंटीवर तसंच होतं. पुढं मारुतरावांनी आयुष्यात कधी पागोटं बांधलं नाही, टोपी घातली. यावर घरात कुणी बोलत नसे.

"गाडा मागं येनार न्हाई," ते अखेर म्हणाले. "पुढं जाईल."

"कोन नेनार? पलीकडलं गाव न्हाई म्हनतंय."

"मधलं गाव नेईल. कंपनी."

शालनबाईंनी भावाकडं निरखून पाहिलं. "कंपनी काय गाव हाय, मारुती?"

"का न्हाई? भिंत हाय, येस हाय, पाटलासारखा सायेब हाय. मानसं तिथं चूल मांडून ऱ्हात्यात, ती पत्र्याची लाईन हाय की मागल्या अंगाला. जो तिथं जेवतो, तिथं निजतो, त्यो तिथला. आमच्या शिवेवरनं त्यानं गाडा घ्यावा आन् पल्याडच्या शिवेवर न्यावा. रीतीला बाध न्हाई."

"पर तिथल्या मानसास्नी आपली रीत कुठं म्हाईत? हात कोन लावील?"

मारुतरावांनी ज्योतीरामकडं पाहिलं नाही. त्यामुळंच सगळ्यांना कळलं.

छबूबाई पहिल्यांदा भिंत सोडून दिराकडं वळली. "भावजी, माझं एकच हाय."

"मला ठावं हाय, वैनी."

"वेगळं काढताय त्याला?"

"लटकं करता येनार न्हाई. आईला फसवायचं न्हाई. चूल तिकडं पेटली पायजे, तर त्यो तिकडला. अन् गाडा ढकलला की अवस सरेपतुर त्यानं ही शीव वलांडायची न्हाई, आन् आपन त्याला नावानं हाक मारायची न्हाई."

"आन् अवस सरल्यावर?" शालनबाईंनी विचारलं.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. एकदा वेगळी मांडलेली चूल परत या घरच्या चुलीत आणून विझवलेली कुणी पाहिली नव्हती. ते सोप्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, बबी सोडून.

"जातो मी," ज्योतीराम म्हणाला.

इतक्या लवकर म्हणाला. आई म्हणून छबूबाईला वाटत होतं, निदान थोडं भांडेल. कुसुमला वाटलं, बघा, पक्की नोकरी दिसली की माणूस कसा सुटतो. आणि सुमननं कुणाकडं न बघता उठून माजघरात जाऊन आपली पितळी, तवा आणि दोन डबे फडक्यात बांधायला घेतले. बांधाबांध फारच भरभर झाली. गाठ मारायचं फडकं आधीपासून हाताशी होतं की काय, असं शालनबाईंच्या मनात आलं. आणि वेगळ्या चुलीचं स्वप्न बघणाऱ्या पहिल्या सुनेला नाव ठेवायचं तर आधी स्वतःलाच ठेवावं लागेल, असंही आलं.

"तू न्हाई," ज्योतीराम दारातून म्हणाला. "तू अवस झाल्यावर ये."

सुमनचे हात थांबले. "का? चूल लागती म्हनाले न्हवं तात्या?"

"चूल मी पेटवीन. भात शिजवता येतो मला."

"करपवता येतो."

"करपलेला खाईन. ऱ्हा इथं." आणि तो जवळसुद्धा न येता, लांबूनच, आपली घोंगडी उचलून निघाला.

सुमन गाठोड्याशेजारी बसून राहिली. कुसुम बबीला घेऊन आत आली, तिनं पाहिलं, आणि काही न बोलता फडक्याची गाठ सोडून तवा जागेवर ठेवला. मग तीही तिथंच बसली. दोघी रडल्या. एकीला वाटत होतं नवरा नको म्हणाला, दुसरीला वाटत होतं आपण दीर घालवला. रडणं मात्र एकाच सुरात होतं.

*

शनिवारी दुपारी पावसानं उघडीप दिली. मारुतराव, हिंदुराव आणि शालनबाई शिवेच्या दगडाअलीकडं उभे राहिले. छबूबाई घरी थांबली. आपल्याला हाक आवरणार नाही, म्हणाली.

मैदानापलीकडच्या पत्र्याच्या लाईनीतून धूर निघत होता. चूल पेटली होती. मारुतरावांनी तो धूर डोळे भरून पाहिला, आणि लगेच त्यांना भीती वाटली की आपण हे चुकून समाधानानं तर बघत नाही ना.

ज्योतीराम एकटाच आला. डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळलेला, चेहरा उतरलेला. दगडाच्या त्या बाजूला उभं राहून त्यानं हात जोडले. तात्यांना की मरीआईला ते कळलं नाही.

रीतीप्रमाणं मारुतरावांनी विचारलं, "कुण्या गावचं?"

"कंपनीचा," ज्योतीराम म्हणाला. आवाज घोगरा होता.

"आमची आई तुमच्या शिवेवर आली. घेता का?"

"घेतो."

"नीट न्या."

एवढंच. चाकं चिखलात रुतली होती. त्यानं खांदा लावला, गाडा हलेना. पुन्हा लावला. मारुतरावांचा पाय आपसूक पुढं झाला, शालनबाईंनी दंड धरून मागं ओढला. तिकडून टीममधला देहूरोडचा एक किरिस्ताव पोरगा पळत आला, कंपनीच्याच लाईनीत राहणारा, गाड्याकडं बघून त्यानं कपाळावर क्रूस केला आणि दुसरीकडून खांदा लावला. चाक सुटलं. गोलाच्या खांबाजवळून, मैदानाच्या मधोमध, हलगी नाही, काही नाही, नुसता चाकांचा करकर आवाज करत मरीआई निघाली. कंपनीच्या गेटावर सोपानराव उभा होता. त्यानं गेट उघडलं आणि रुमालासकट भिंतीआड गेला.

ज्योतीराममागं कुणी बोललं नाही. त्यानं मागं पाहिलं नाही. फक्त गेटातून जाताना तो क्षणभर थांबून वाकला, जणू पायात काही रुतलं, आणि पुन्हा चालू लागला.

"दमला," हिंदुराव म्हणाला.

एवढ्याशा गाड्यानं तो पोरगा दमायचा नव्हता, शालनबाईंच्या मनात आलं.

*

रविवारी कनाती बांधल्या गेल्या. तापातून उठलेली माणसं, ताप अजून यायचा असलेली माणसं, दीड महिना घरात कोंडलेली माणसं दोन दोन आणे घेऊन आली. कनातीच्या दाराशी सोपानराव पेटी घेऊन बसला होता. मारुतरावांना बघून तो उठला. "तुम्हाला कशाला तिकीट, मारुतराव? जागा तुमचीच."

मैदान शिवेच्या पलीकडं पसरलं होतं, पण कनातीचं दार अलीकडं, त्यांच्या जुन्या बांधावर होतं. मारुतरावांनी सहा तिकिटांचे पैसे पेटीत टाकले. "आता पावनं हाय आमी," ते म्हणाले.

घरचे सगळे बांधाच्या बाजूनं, गोलाच्या मागं उभे राहिले. ज्योतीराम समोर पाठमोरा होता. त्याच्या पाठीशी, गाडा उभा होता तिथं, चाकांच्या दोन खाचा पाण्यानं भरल्या होत्या.

खडकीची पलटण तगडी होती. पहिलाच चेंडू खांबाला लागून धप्पकन वाजला आणि ज्योतीरामनं दुसऱ्या वेळी तो हवेत झेलला. मैदान फुटलं.

"ज्योती! ज्योती! ज्योतीराम!"

छबूबाईनं कानावर हात ठेवले. "भावजी, ही मानसं हाका मारत्यात त्याला! नावानं! कुनी तरी सांगा त्यास्नी गप बसा म्हनून."

"वरडू द्या, वैनी." मारुतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. "त्यांनी पैशे दिल्यात. त्यांनी वरडावं म्हनूनच त्यो तिथं हाय."

"पर अवस सरली न्हाई!"

"आपन न्हाई न्हवं मारत? आपन गप ऱ्हायचं."

मग ते सहा जण गप राहिले. भोवती सगळी पिंपरी, सगळी कंपनी, लष्करातले जवान, कॅम्पातले दुकानदार त्यांच्या घरातल्या पोराचं नाव गळा फाटेस्तोवर घेत होते, आणि ज्यांनी ते नाव ठेवलं ती माणसं दात आवळून उभी होती. शेजारच्या गड्यानं हिंदुरावाला कोपरानं ढोसलं, "काय रं, भाऊ न्हवं तुझा? तोंडात काय मीठ धरलंय?" हिंदुरावानं मान हलवली, एकदा हो आणि एकदा नाही.

आणि कुसुमच्या कडेवरून बबी, जिला कुणी काही सांगितलं नव्हतं, मोठ्यानं म्हणाली, "काका!"

कुसुमचा हात तिच्या तोंडाकडं गेला. अर्ध्यात थांबला. काका म्हणजे काही नाव नव्हे, तिनं घाईघाईनं स्वतःला समजावलं. आणि हात तसाच हवेत राहू दिला.

"काका!"

ज्योतीराम वळला नाही. पण त्याचा डावा हात पाठीमागं आला, आणि चिखलानं माखलेली बोटं नाचली.

बबी खिदळली. सुमननं पदर डोळ्यांना लावला. छबूबाई हसावं की देवाचं नाव घ्यावं या गोंधळात दोन्ही करू लागली. एवढ्या गलक्यात फक्त शालनबाई त्या बोटांकडं बघत नव्हत्या. त्या पाठीकडं बघत होत्या. चेंडू पार पलीकडच्या टोकाला होता, सगळं मैदान तिकडं तोंड करून होतं, आणि गोलात तो पोरगा खांबाला धरून वाकला होता. खोकत होता. आवाज येत नव्हता, नुसती पाठ हलत होती, थांबून, पुन्हा. खोकून झाल्यावर त्यानं तोंड पुसलं आणि बबीला बोटं दाखवलेला हात, पोर धरायला येऊ नये म्हणून, मुद्दाम पोटाशी घट्ट धरला.

घरात तो लांब लांब का बसत होता. बायकोला नको का म्हणाला. चटकन जातो का म्हणाला. शालनबाईंना सगळं एकदम कळलं.

मारुतराव बहिणीला विचारत होते, "काय गं आक्का, काय झालं?"

चेंडू पुन्हा इकडं निघाला होता. गर्दी पुन्हा ओरडू लागली होती. ज्योतीरामनं खांब सोडला आणि दोन्ही हात पसरून सरळ उभा राहिला.

हाक त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, पुरी, नावासकट. शालनबाईंनी पदराचा बोळा केला आणि तोंडात घट्ट धरला.